हिशोब जुळला पाहिजे

२०१३ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट इथल्या आवारात थॉमस हर्नडन हा अठ्ठावीस वर्षांचा विद्यार्थी वर्गात दिलेला स्वाध्याय करत होता. एखादा प्रसिद्ध शोधनिबंध निवडायचा, त्यातली आकडेमोड स्वतः पुन्हा करायची आणि तेच उत्तर येतं का ते बघायचं, एवढाच तो स्वाध्याय. त्याने निवडला कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या हार्वर्डच्या नामवंत अर्थतज्ज्ञांचा २०१० चा निबंध. सरकारी कर्ज देशाच्या उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेलं की वाढीचा सरासरी वेग उणे ०.१ टक्क्यावर येतो, असं त्यात म्हटलं होतं. युरोप-अमेरिकेतले राजकारणी त्याचा हवाला देऊन खर्चकपातीचं समर्थन करत होते.

हर्नडनचं उत्तर काही केल्या जुळेना. शेवटी त्याने लेखकांकडूनच त्यांची एक्सेलची फाइल मागवली. सरासरीचं सूत्र वीस ओळींवर चालायला हवं होतं, ते पंधराच ओळींवर लावलेलं निघालं. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशोबातून गळाले होते. शिवाय काही देशांची काही वर्षं घेतलेली नव्हती आणि प्रत्येक देशाला किती वजन द्यायचं, हाही वादाचा मुद्दा होता. खरं तर एकूण तफावतीत सूत्राच्या चुकीचा वाटा लहानच होता. पण सगळं दुरुस्त केल्यावर उणे ०.१ च्या जागी अधिक २.२ टक्के आलं, आणि एका विद्यार्थ्याच्या गृहपाठाची बातमी जगभर झाली.

वित्तक्षेत्रात जायचं म्हणून घरबसल्या प्रोग्रॅमिंग आणि गणित शिकायला निघालेल्या मुलामुलींनी ही हकीकत आधी वाचावी. शेअरबाजार, बँका, विमा, म्युच्युअल फंड या सगळ्या ठिकाणी ज्या कौशल्याला पगार मिळतो, ते कौशल्य म्हणजे उत्तर काढणं आणि ते बरोबर आहे हे दुसऱ्या वाटेने पडताळून दाखवणं. प्रोग्रॅमिंग आणि गणित ही त्या पडताळणीची दोन साधनं आहेत. दोन्ही वेगवेगळी शिकली तर कंटाळा येतो. एकत्र, आणि खऱ्या पैशाच्या प्रश्नावर शिकली तर टिकतात.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. शिकणं वेगळं आणि ऑप्शनमध्ये पैसे लावणं वेगळं. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर्सच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला. एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा विद्यार्थ्यांसाठी जास्त बोलका आहे. २०२३-२४ मध्ये विदेशी गुंतवणूकदार संस्थांनी मिळवलेल्या नफ्यातला ९७ टक्के आणि स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या दलाली संस्थांच्या नफ्यातला ९६ टक्के नफा अल्गोरिदमच्या मार्गाने आला होता. म्हणजे मोबाइलवर आलेखाच्या रेषा बघून व्यवहार करणाऱ्याच्या समोर बहुतेक वेळा गणित आणि प्रोग्रॅम उभा असतो. पाच-सहा व्हिडिओ बघून त्याच्याशी झुंजायला जाऊ नये. शिकण्याच्या काळात बाजारात घालायला एक रुपयाही लागत नाही, आणि घालूही नये.

मग सुरुवात कुठून करायची? घरातल्या कर्जाच्या हप्त्यापासून.

समजा ३० लाखांचं गृहकर्ज आहे, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षं. बँक सांगते, हप्ता २६,९९२ रुपये. हा आकडा कुठून आला? आधी कागद-पेन्सिल घ्यावी. महिन्याचा दर ०.७५ टक्के, म्हणून पहिल्या महिन्याचं व्याज २२,५०० रुपये. हप्त्यातून ते गेलं की मुद्दलात जमा झाले फक्त ४,४९२. दुसऱ्या महिन्यात उरलेल्या मुद्दलावर व्याज २२,४६६ रुपये, म्हणजे मुद्दलात थोडे जास्त जमा. असे दोन-तीन महिने हाताने केले की लक्षात येतं, आपण तेच तेच करतोय: व्याज काढा, हप्त्यातून वजा करा, उरलेलं मुद्दलातून कमी करा, पुढच्या महिन्यावर जा. हीच प्रोग्रॅमिंगमधली लूप. पायथॉन भाषेत ती चार-पाच ओळींत लिहून होते आणि २४० महिन्यांचा तक्ता डोळ्यांसमोर येतो.

त्या तक्त्याकडे नीट बघितलं की खरं शिक्षण सुरू होतं. मुद्दल निम्मं व्हायला १६८ हप्ते लागतात, म्हणजे वीस वर्षांच्या कर्जातली पहिली चौदा वर्षं अर्ध्या मुद्दलातच जातात. एकूण व्याज भरलं जातं सुमारे ३४ लाख ७८ हजार, मुद्दलापेक्षाही जास्त. आता तक्त्यात एक बदल करून बघावा. पहिल्या वर्षाच्या अखेरीस एक लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे १९ हप्ते वाचतात. एक लाखाच्या बदल्यात पाच लाखांहून अधिक रुपयांचे हप्ते टळले. आणि शेवटचा हप्ता नेमका २६,९९२ येत नाही, दीडशे रुपयांच्या आसपास कमी येतो. का? कारण हप्ता पूर्ण रुपयात करताना बावीस पैसे वर चढवले गेले आणि त्यावरही वीस वर्षं चक्रवाढ झाली. हे कारण ज्याला स्वतःहून सापडलं, त्याला चक्रवाढ व्याज समजलं.

यानंतर सूत्राकडे यावं. हप्त्याचं सूत्र म्हणजे भूमिती श्रेढीची बेरीज. शाळेत रटलेल्या सूत्राचा असा उपयोग दिसला की ते विसरत नाही. प्रोग्रॅमने काढलेलं उत्तर आणि सूत्राने काढलेलं उत्तर पैशापर्यंत जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर पुढचा धडा उघडू नये.

दुसरा प्रश्न सराफाच्या दुकानातला घ्यावा. अकरा महिने दर एक तारखेला हजार रुपये भरा, बाराव्या महिन्याच्या एक तारखेला बारा हजारांचे दागिने न्या, अशा भिशीच्या योजना गावोगावी चालतात. यात परतावा किती? अकरा हजारांवर एक हजार, म्हणजे नऊ टक्के, असं चटकन तोंडात येतं. पण पहिला हजार अकरा महिने अडकला होता, शेवटचा एकच महिना. सरासरी काढली तर पैसे सहाच महिने गुंतले होते. वर्षाचा खरा दर निघतो सुमारे १८.८ टक्के. तो काढायला थेट सूत्र नाही. एक दर अंदाजाने धरायचा, अकरा हप्त्यांची रक्कम किती होते ते बघायचं. बारा हजारांहून कमी आली तर दर वाढवायचा, जास्त आली तर कमी करायचा, आणि दोन अंदाजांमधली फट दर वेळी निम्मी करत न्यायची. वीस फेऱ्यांत उत्तर बारीक दशांशापर्यंत येतं. महिन्याला १.४४ टक्के. याला गणितात द्विभाजन पद्धत म्हणतात आणि रोख्यांचा परतावा काढणारे प्रोग्रॅमही याच जातीच्या पद्धती वापरतात.

पण इथेच थांबून चालत नाही. दुकान पैसे परत देत नाही, दागिने देतं. त्या दुकानाची घडणावळ बाजारापेक्षा हजार रुपयांनी जास्त असेल तर १८.८ टक्क्यांचे शून्य होतात. करारातली अट वाचणं हाही हिशोबाचाच भाग आहे, आणि वित्तक्षेत्रात काम करणाऱ्याचा निम्मा दिवस अटी वाचण्यातच जातो.

आता भाषेचा प्रश्न. पायथॉनपासून सुरुवात करावी, यात फारसा वाद उरलेला नाही. त्यामागचं एक कारण वित्तक्षेत्रातलंच आहे. वेस मॅकिनी या एमआयटीत गणित शिकलेल्या तरुणाला २००८ मध्ये एक्यूआर कॅपिटल मॅनेजमेंट या गुंतवणूक संस्थेत काम करताना आकड्यांचे तक्ते हाताळायला चांगलं साधन मिळेना, म्हणून त्याने स्वतःच एक लिहायला घेतलं. तेच पुढे पांडाज नावाने सगळ्यांना मोफत खुलं झालं. आज तक्त्यांवर काम करणारा जवळपास प्रत्येक पायथॉन शिकणारा ते वापरतो. घरात चांगला संगणक नसेल तरी अडत नाही. गूगल कोलॅबवर ब्राउझरमध्येच पायथॉन मोफत चालतं. पायथॉनच्या जोडीला एसक्यूएल शिकावी, कारण बँकांची माहिती डेटाबेसमध्ये असते. आणि एक्सेलला कमी लेखू नये. ज्याला एक्सेल नीट येत नाही, त्याला वित्त कचेरीत पहिल्याच आठवड्यात अडायला होतं. सी प्लस प्लस ही वेगवान व्यवहार करणाऱ्या संस्थांची भाषा आहे. तिकडे जायचं ठरलं तर वर्षभराने तिच्याकडे वळावं. ॲक्चुअरी, म्हणजे विम्याची जोखीम मोजणारा तज्ज्ञ, व्हायचं असेल तर आर ही भाषा.

संगणक हिशोब करतो म्हणजे बरोबरच करतो, हा समज पहिल्या महिन्यातच मोडायला हवा. पायथॉनला ०.१ अधिक ०.२ विचारावं. उत्तर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. दहा अंकांवर चालणारे आपले दशांश संगणक दोनच अंकांत साठवतो, आणि जसा आपल्याकडे एक तृतीयांश दशांशात पूर्ण लिहिता येत नाही, तसा त्याला एक दशांश पूर्ण लिहिता येत नाही. फरक नगण्य वाटतो. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअरबाजाराने मात्र अशाच बारीक गळतीची मोठी किंमत पाहिली. जानेवारी १९८२ मध्ये त्यांनी नवा निर्देशांक १,००० वर सुरू केला. प्रत्येक व्यवहारानंतर निर्देशांक पुन्हा काढला जाई आणि तिसऱ्या दशांशापुढचे अंक पूर्णांकित न करता सरळ तोडले जात. दर वेळी सूक्ष्म घट, आणि असं दिवसातून हजारो वेळा. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४ च्या आसपास घसरला होता, बाजार मात्र तेजीत होता. दुरुस्ती केल्यावर खरा आकडा निघाला १,०९८.८९२. म्हणूनच पैशांचे प्रोग्रॅम लिहिताना रक्कम पैशांमध्ये, पूर्णांकात ठेवावी किंवा पायथॉनमधला डेसिमल हा प्रकार वापरावा.

गणिताची भीती हा अनेकांचा खरा अडसर असतो. मराठी माध्यमातून आलेली, वाणिज्य शाखेची, शिक्षण मध्येच सुटलेली मुलं 'आपलं गणित कच्चं' म्हणून उंबऱ्यावरच थांबतात. त्यांनी बालभारतीची पुस्तकं पुन्हा उघडावीत. दहावीच्या गणित भाग १ मध्ये अंकगणिती श्रेढी, अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी ही प्रकरणं लागोपाठ आहेत. अर्थनियोजनात वस्तू व सेवा कर, शेअर्स, म्युच्युअल फंड हे विषय येतात. बारावी वाणिज्यच्या गणिताच्या दुसऱ्या भागात विमा आणि वार्षिकी, रेषीय समाश्रयण, कालिक श्रेणी, निर्देशांक आणि संभाव्यता वितरणं आहेत. यादी नीट वाचली तर लक्षात येईल, वित्तीय गणिताचा निम्मा पाया इथेच आहे. ही पुस्तकं संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. त्यांतलं प्रत्येक उदाहरण एकदा हाताने आणि एकदा पायथॉनने सोडवलं, तर तीन-चार महिन्यांत माणूस वेगळ्याच आत्मविश्वासाने पुढच्या पुस्तकाला हात घालतो. आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, दीडकी पाठ केली होती. उत्तर साधारण किती यायला हवं, याचा अंदाज त्यांना आधीच असायचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही तो अंदाज हवा. पडद्यावर आलेला आकडा दहापट चुकीचा असेल तर तो डोळ्याला खुपायला हवा.

पुढच्या पायरीसाठी तीन गोष्टी पुरतात: संभाव्यता व संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित आणि कलनशास्त्र. रेषीय बीजगणितासाठी एमआयटीच्या गिल्बर्ट स्ट्रँग यांची व्याख्यानं, संभाव्यतेसाठी हार्वर्डच्या जो ब्लिट्झस्टाइन यांचा 'स्टॅट ११०' हा अभ्यासक्रम, दोन्ही मोफत. प्रोग्रॅमिंगसाठी आपल्याकडच्या एनपीटीईएलवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा पायथॉनमधून डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम शिकवणारा अभ्यासक्रम आहे. शिकणं मोफत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क. वित्तविषयाची बाजू समजायला एमआयटीच्या अँड्र्यू लो यांची व्याख्यानं घ्यावीत आणि मग जॉन हल यांचं ऑप्शन्स-फ्युचर्सवरचं जाडजूड पाठ्यपुस्तक. एका वेळी एकच अभ्यासक्रम घ्यावा आणि तो संपवावा. पंधरा अभ्यासक्रम अर्धवट ठेवणाऱ्याच्या हाती एकाही विषयाचं शेवटचं प्रकरण लागत नाही, आणि अवघड तेच असतं.

गणिताच्या त्या तिन्ही विषयांत सर्वांत जास्त वेळ संभाव्यतेला द्यावा. एक साधा प्रयोग करून बघण्यासारखा आहे. सेन्सेक्सचे काही वर्षांचे रोजचे बंद भाव घ्यावेत, रोजचा टक्केवारी बदल काढावा आणि त्याचं प्रमाण विचलन काढावं. शांत काळात ते एक टक्क्याच्या आसपास येतं. वर्षाचं काढायचं तर २५० दिवसांनी गुणत नाहीत, २५० च्या वर्गमुळाने गुणतात, म्हणजे साधारण १६ टक्के. असं का, हे सिद्ध करता आलं तर विचरणाचे नियम समजले. आता पाठ्यपुस्तकातली घंटेच्या आकाराची वक्ररेषा त्या आकड्यांवर बसवून बघावी. तिच्या मते एका दिवसात तेरा टक्क्यांची घसरण विश्वाच्या आजवरच्या आयुष्यातही व्हायला नको. २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स ३,९३४.७२ अंकांनी, म्हणजे १३.१५ टक्क्यांनी कोसळला.

वक्ररेषा चुकीची आहे असा याचा अर्थ घ्यायचा नाही. ती कुठे लागू पडते आणि कुठे पडत नाही, हे ओळखायचं. लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट या अमेरिकी संस्थेत मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन हे भागीदार होते. १९९७ साली दोघांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि १९९८ मध्ये ती संस्था बुडण्याच्या टोकाला आली. चौदा वित्तसंस्थांनी पैसे घालून ती सावरली. प्रत्येक जोखीम व्यवस्थापकाला हे प्रकरण माहीत असतं. शिकणाऱ्यानेही ते लवकर वाचावं.

वर्षभराच्या अभ्यासानंतर एक टप्पा असा येतो की सगळे धागे एकत्र येतात. तो म्हणजे ऑप्शनची किंमत काढणं. फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी १९७३ मध्ये सूत्र प्रसिद्ध केलं. ब्लॅक यांची पीएचडी उपयोजित गणितातली. शेअरचा भाव १००, ऑप्शनचा ठरलेला भावही १००, व्याज ५ टक्के, वार्षिक चढउतार २० टक्के, मुदत एक वर्ष आणि लाभांश नाही असं धरलं, तर कॉल ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर विकत घेण्याच्या हक्काची, किंमत सूत्राने १०.४५ येते. आता सूत्र बाजूला ठेवून तीच किंमत माँटे कार्लो पद्धतीने काढावी: वर्षाअखेरचा भाव संगणकाकडून दहा हजार वेळा यादृच्छिक पद्धतीने तयार करून घ्यायचा, प्रत्येक वेळी ऑप्शनला किती मिळालं ते नोंदवायचं, सरासरी काढून आजच्या मूल्यात आणायची. एकदा १०.३१ येईल, एकदा १०.५८ येईल. पंधरा पैशांच्या आसपासची चूक अपेक्षितच आहे. ती दीड पैशावर आणायची तर दहापट प्रयोग पुरत नाहीत, शंभरपट लागतात. चूक वर्गमुळाच्या वेगाने घटते. दोन्ही वाटांनी आलेलं उत्तर १०.४५ पाशी भेटतं तेव्हा होणारा आनंद शिकणाऱ्याने स्वतः अनुभवावा. मात्र प्रोग्रॅममध्ये वाढीचा दर म्हणून शेअरचा अपेक्षित परतावा टाकला तर उत्तर भलतंच येईल. तिथे व्याजदरच का टाकायचा, हा या विषयातला सर्वांत खोल प्रश्न आहे. त्यावर दोन आठवडे गेले तरी हरकत नाही.

सरावासाठी माहिती विकत घ्यायची गरज नाही. राष्ट्रीय शेअरबाजार रोजच्या भावांची फाइल, म्हणजे भावकॉपी, देतो. म्युच्युअल फंडांची संघटना ॲम्फी सगळ्या योजनांची रोजची एनएव्ही एका साध्या मजकूर-फाइलमध्ये ठेवते. ओळीत योजनेचा क्रमांक, नाव, एनएव्ही आणि तारीख अर्धविरामांनी वेगळी केलेली. ती फाइल वाचून घरच्या एसआयपीचा खरा परतावा काढणं, हा पहिला पूर्ण प्रकल्प म्हणून उत्तम. रिझर्व्ह बँकेची व्याजदर, महागाई, पतपुरवठ्याची आकडेवारीही खुली आहे.

पण माहिती हातात आली की दोन खड्डे हमखास लागतात. पहिला बोनस आणि विभाजनाचा. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला, भाव एका दिवसात निम्मा दिसू लागला. हे समायोजन केलं नसेल तर प्रोग्रॅम पन्नास टक्क्यांची घसरण नोंदवतो आणि त्यावरून भलते निष्कर्ष काढतो. दुसरा खड्डा अधिक फसवा. आजच्या निफ्टीतले पन्नास शेअर घेऊन '२००८ पासून गुंतवले असते तर' असा प्रयोग केला की परतावा डोळे दिपवणारा येतो. २००८ च्या निफ्टीत सत्यम होती, युनिटेक होती, सुझलॉन आणि रिलायन्स कम्युनिकेशन्सही होत्या. आजच्या यादीत टिकलेल्याच कंपन्या आहेत. त्या टिकतील हे २००८ मध्ये कुणाला ठाऊक होतं? खात्रीशीर नफ्याचे अल्गो विकणाऱ्यांच्या जाहिरातींत हा दोष शोधून बघावा. सापडला नाही तर दलाली, कर आणि भावातला फरक धरला आहे का ते बघावं.

प्रोग्रॅम चालतो आणि प्रोग्रॅम विश्वासार्ह आहे, या दोहोंतलं अंतर किती असतं ते १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी दलाली संस्थेने अनुभवलं. नवा प्रोग्रॅम आठ सर्व्हरवर चढवायचा होता, सातांवर चढला, आठव्यावर राहिला. त्या आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड शिल्लक होता आणि नव्या प्रोग्रॅमने जुनंच एक चिन्ह नव्या कामासाठी वापरलं होतं. बाजार उघडताच जुना कोड जागा झाला आणि बेफाम खरेदी-विक्री करत सुटला. पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. पुढच्या वर्षी ती संस्था दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. म्हणून कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं गिट वापरायला पहिल्या महिन्यातच शिकावं, प्रत्येक फंक्शनसाठी उत्तर आधीच माहीत असलेली चाचणी लिहावी आणि न लागणारा कोड काढून टाकावा. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं हल्ली क्षणात कोड लिहून देतात. ती जरूर वापरावीत, समजलं नाही ते विचारण्यासाठी. पण हप्त्याचा तक्ता त्यांच्याकडून लिहून घेतला आणि १६८ हा आकडा का आला हे सांगता आलं नाही, तर मुलाखतीत तिसऱ्याच प्रश्नाला गाडी अडते.

नोकरीच्या बाबतीत भाबडेपणा नको आणि निराशाही नको. वेगवान व्यवहार करणाऱ्या संस्थांतल्या गलेलठ्ठ पगाराच्या जागा मोजक्या असतात आणि त्यांतल्या बऱ्याच मोठ्या संस्थांच्या आवारातूनच भरल्या जातात. पण वित्तक्षेत्र तेवढंच नाही. मुंबई-पुण्यात विदेशी बँकांची मोठी केंद्रं आहेत, तिथे जोखीम मोजणारे, मॉडेल तपासणारे लागतात. विमा कंपन्यांना ॲक्चुअरी लागतात. ॲक्चुअरीची प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते आणि पुढचा प्रवास परीक्षांच्या बळावर होतो, कॉलेजच्या नावावर अडत नाही. त्या पुढच्या परीक्षांतल्या संख्याशास्त्राच्या पेपरमध्ये आर वापरून संगणकावर उत्तरं द्यावी लागतात, म्हणजे स्वतः शिकलेलं थेट गुणांत उतरतं. रायगड जिल्ह्यात पाताळगंगा इथे सेबीने स्थापन केलेली एनआयएसएम ही संस्था आहे. तिच्या प्रमाणपत्र परीक्षा रोखे बाजारातल्या अनेक कामांसाठी आवश्यकच आहेत. जोखीम व्यवस्थापनासाठी एफआरएम ही परीक्षा आहे. यांपैकी एक परीक्षा आणि तिच्या जोडीला स्वतः केलेले तीन-चार प्रकल्प, असं घेऊन जाणारा विद्यार्थी समोरच्याला काहीतरी दाखवू शकतो. प्रकल्पात काय चुकलं, कसं सापडलं आणि कसं दुरुस्त केलं, हेही लिहून ठेवावं. अनुभवी मुलाखतकार तेच आधी वाचतात.

वेळ किती लागतो? नोकरी किंवा कॉलेज सांभाळून रोज दीड तास दिला, तर वर्ष-दीड वर्ष धरून चालावं. पहिले तीन महिने फक्त घरचे हिशोब आणि बालभारती. मध्ये आठ-दहा दिवस काहीच सुचणार नाही असे जातील, तेव्हा जुना प्रोग्रॅम उघडून तो सोपा करत बसावं. शक्य असेल तर एक सोबती शोधावा. एकाने काढलेलं उत्तर दुसऱ्याने न बघता काढायचं आणि मग ताडून बघायचं, एवढा एक नियम पाळला तरी शिकवणी लावायची गरज पडत नाही.

घरात कुणाचं ना कुणाचं कर्ज असतंच. गृहकर्ज नसेल तर दुचाकीचं, नाही तर पतसंस्थेचं. आज संध्याकाळी त्याचं विवरणपत्र मागून घ्या, पहिल्या तीन महिन्यांचं व्याज हाताने काढा आणि बँकेने लावलेल्या व्याजाशी ताडून बघा. फरक आला तर तो का आला हे शोधा. दिवसांच्या मोजणीतून आला असेल, दर मध्येच बदलला असेल, एखादं शुल्क लागलं असेल. कारण सापडलं की मग संगणक उघडा.